मागच्या अंगणातला लाल मेपल: वीस महिन्यांची गोष्ट

परवा मैत्रिणीने फोनवर विचारलं, "आम्हालाही मागे एखादं फॉलचं झाड लावायचंय गं. नर्सरीतून आणायचं आणि लावायचं, एवढंच ना?" (फॉल म्हणजे इथली पानगळ, पानं लाल-पिवळी होण्याचे दिवस.) मला हसूच आलं. मार्च २०२४ मध्ये माझीही अगदी हीच समजूत होती. तिला तासभर जे सांगितलं तेच इथे नीट लिहून ठेवते. तारखा आणि आकडे माझ्या डायरीतले आहेत. आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. घर स्वतंत्र आहे, पण वसाहतीला एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, आहे. त्या तीन अक्षरांचा अर्थ इथल्या लोकांना सांगायला नको.

२०१५ साली घर घेतलं तेव्हा मागे ॲशचा एक मोठा वृक्ष होता. ऑक्टोबर लागला की पिवळा व्हायचा आणि शेंड्याकडून जांभळट. घर बघायला आलो ते नेमके त्याच दिवसांत, आणि खरं सांगायचं तर किचन लहान आहे हे मी त्या झाडापायीच कानाआड केलं. २०२३ च्या मेमध्ये शेंड्याकडचा तिसरा हिस्सा फुटलाच नाही. वाटलं, थंडी फार पडली असेल. पुढच्या मार्चपर्यंत सुतारपक्ष्यांनी साल सोलून खोड पांढरंफटक केलं होतं आणि सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची, ज्वारीच्या दाण्याहून बारीक भोकं दिसत होती. हे काम एमराल्ड ॲश बोररचं. हा हिरवा चकचकीत भुंगा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो २००२ साली, मिशिगनमध्ये. न्यू जर्सीत तो मे २०१४ मध्ये ब्रिजवॉटरला दिसला, म्हणजे आम्ही घर घेतलं त्याच्या आदल्याच वर्षी. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात आणि झाडाचा दाणापाणी तोडतात.

तुमच्याकडे ॲश असेल आणि अजून अर्ध्याहून जास्त हिरवा असेल, तर लगेच माणूस बोलवा. खोडात इंजेक्शन देऊन झाड वाचतं, मात्र ते दर दोनेक वर्षांनी द्यावं लागतं. आमची वेळ निघून गेली होती. आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. मेलेला ॲश फार लवकर ठिसूळ होतो, त्यामुळे कामगार त्यावर चढायला तयार होत नाहीत आणि जितका उशीर तितके पैसे वाढतात.

तीन ठिकाणांहून भाव घेतले: १९००, २६०० आणि ३८०० डॉलर. १९०० वाल्याला लायसन्स नंबर विचारला, तर म्हणाला, "लागेल तेव्हा देतो." न्यू जर्सीत झाडं तोडणाऱ्यांना राज्याचं लायसन्स लागतं. तो नंबर आणि विम्याचा कागद आधी हातात घ्यायचा. माणूस फांदीवरून आपल्या अंगणात पडला तर काय, हा प्रश्न नवऱ्याने विचारला आणि आम्ही २६०० वाला ठरवला.

आता टाउनशिप, म्हणजे इथली नगरपालिका. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात झाड तोडण्याचा अर्ज दिला. सोबत चार बाजूंचे फोटो आणि ४० डॉलरचा चेक. दहा दिवसांनी सगळं पाकीट परत आलं, चेकसकट. कारण काय, तर राज्याने गावांना झाडतोडीचे नवे नियम करायला १ मे २०२४ ची मुदत दिली होती, त्याप्रमाणे आमच्या गावाने नवा फॉर्म काढला होता आणि माझा अर्ज जुन्या फॉर्मवर होता. मी कचेरीत गेले. खिडकीवरच्या बाईंचा काही दोष नव्हता, त्यांनाही नवा फॉर्म त्याच सकाळी मिळाला होता. मी तिथेच उभी राहून तो भरला. त्यात खोडाची जाडी विचारतात आणि ती जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजायची असते. मी घरच्या शिवणकामाच्या टेपने घेर मोजून ६० इंच लिहून आले होते. त्यांना हवा होता व्यास, म्हणजे घेर भागिले ३.१४. आमचा भरला १९ इंच. जाडीवर एवढा भर का, तर राज्याच्या नमुना नियमात जितकं जाड झाड तोडाल तितकी जास्त नवी झाडं लावायची असतात, १३ ते २३ इंचांना दोन. मेलेल्या किंवा धोकादायक झाडाला सूट मिळते, पण मेलंय हे दाखवावं लागतं. तोडणाऱ्या कंपनीच्या तज्ज्ञाकडून दोन ओळींचं पत्र घेतलं आणि ते पुरलं. इन्स्पेक्टर आले, खोडाला नखाने टोकरून बघितलं, सही करून गेले. परवाना हातात पडला ३ जूनला.

२० जूनला झाड गेलं. सकाळी साडेसातला आले आणि अकरापर्यंत आमच्या स्वयंपाकघरात कधी नव्हे तेवढं ऊन शिरलं. बुंधा जमिनीखालपर्यंत दळून काढायचे वेगळे ३०० घेतले. इथे एक सांगते. त्याच खड्ड्यात नवं झाड लावायचा मोह होतो, तो आवरा. खाली लाकडाचा भुसा आणि जुन्या मुळ्यांचं जाळं असतं, भुसा कुजताना मातीतलं नत्र खातो आणि जमीन पुढे खचत राहते. आम्ही दहा फूट बाजूला सरकलो.

जुलैत एचओएचा अर्ज दिला. झाड तोडायला त्यांची हरकत नव्हती, लावायला मात्र समितीची मंजुरी हवी. पहिला अर्ज "अपूर्ण" म्हणून आला, कारण मी अंगणाचा नकाशा हाताने काढला होता. त्यांना घराच्या सर्व्हेच्या (मोजणीच्या नकाशाच्या) प्रतीवर झाडाची जागा आणि कुंपणापासूनचं अंतर आखून हवं होतं. ही प्रत नव्याने काढायला पैसे पडतात, पण घर घेतानाच्या कागदांत ती असतेच. तळघरात दोन संध्याकाळी उपसल्यावर सापडली, जुन्या पासपोर्टांच्या खाली. ऑगस्टात समितीची बैठकच नसते, सगळे सुट्टीवर. मंजुरी आली १७ सप्टेंबरला.

त्यांनी जोडलेली मंजूर झाडांची यादी वाचून मात्र मी चाट पडले. त्यात ब्रॅडफर्ड पेअर होता. फॉलमध्ये सुंदर दिसतो, पण त्याची पिल्लं रानभर पसरतात आणि ओहायोत तर २०२३ च्या जानेवारीपासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. आमच्या गॅरेजशेजारची बर्निंग बुशही त्याच यादीत होती. ती ऑक्टोबरात अशी लालभडक पेटते की पोस्टमन थांबून बघतो. पण तिची फळं खाऊन पक्षी तिचं बी जंगलात नेतात आणि मागच्या ओढ्याकाठी तिची शेकडो रोपं उगवलेली मी स्वतः बघितली आहेत. ती काढायचं ठरवलं तेव्हा घरात तिच्या बाजूने तीन मतं होती आणि विरुद्ध माझं एक. शेवटी, जागी काहीतरी तेवढंच लाल लावायचं, या अटीवर तह झाला.

ते तेवढंच लाल म्हणजे ब्ल्यूबेरी. ही फॉलसाठी कुणी लावत नाही, पण ऑक्टोबरात तिची पानं शेंदरी ते गडद लाल होतात, आणि शिवाय जूनमध्ये फळ. ती इथलीच आहे. न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समध्ये व्हाइट्सबॉगला एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल यांनी रानातली झुडपं निवडून ती शेतात आणली आणि १९१६ साली पहिला माल बाजारात गेला. फक्त तिला माती आंबट लागते, पीएच ४.५ ते ५. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ऑगस्टातच मातीचा नमुना पाठवला होता, पंचवीसेक डॉलर लागले. उत्तर आलं ६.१, पुरेशी आंबट नाही. म्हणजे गंधक घालून महिनोन्‌महिने थांबायचं. गंधक आत्ता टाकलं आणि झुडपं वसंतात लावायची ठरवली. ही तपासणी उन्हाळ्यातच करून घ्या, ऐन वेळी काही होत नाही.

मेपलचं ठरलेलं होतं: रेड मेपल, जात 'ऑक्टोबर ग्लोरी'. बीपासून वाढलेले रेड मेपल कधी लाल होतात, कधी नुसते पिवळे, त्यामुळे नाव असलेली जात घेणं बरं. ही जात न्यू जर्सीच्याच प्रिन्स्टन नर्सरीजने १९६१ च्या सुमारास काढली, म्हणून मला जरा जास्तच जिव्हाळा वाटला. २८ सप्टेंबरला नर्सरीत गेलो. मोठं, मातीच्या गड्ड्यासह गोणपाटात बांधलेलं झाड बघून मुलगी हरखली, पण त्या गड्ड्याचं वजन शेकड्यांनी पौंड असतं आणि लावायला माणसं लागतात. आम्ही १५ गॅलनच्या कुंडीतलं, आठेक फुटांचं घेतलं, २१० डॉलरला. दोघांना उचलतं.

गाडीत मुलीने विचारलं, "तुमच्याकडे फॉल नसायचाच ना?" म्हटलं, असायचा की, एका झाडाचा. वाईला आमच्या शाळेच्या पटांगणात देशी बदाम होता. थंडी सरता सरता त्याची ताटाएवढी पानं लालबुंद व्हायची आणि झाडायची पाळी आमच्या वर्गावर यायची. बाकी कुसुंबासारखी झाडं आमच्याकडे लाल होतात ती पान येताना. इथे जाताना होतात.

खड्डा खणण्याआधी ८११ ला फोन करायचा, हे विसरू नका. फुकट आहे, आणि फावड्याने खणणार असलात तरी करा. कामाचे तीन पूर्ण दिवस आधी करायचा. मी सोमवारी, ७ ऑक्टोबरला केला. गुरुवारपर्यंत माणसं येऊन जमिनीखालच्या वायरी आणि नळ कुठून जातात ते रंगाने आखून, छोटे झेंडे टोचून गेली. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी केबल आणि फोन, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून आले तर मागच्या हिरवळीवर लाल-पिवळे-नारिंगी पट्टे आणि झेंड्यांची रांग. नवरा म्हणाला, "आला बघ तुझा फॉल." हसण्यावारी नेलं, पण नारिंगी रेघ आम्ही ठरवलेल्या जागेच्या बरोबर मधून गेली होती. झाड चार फूट सरकवलं. त्यासाठी एचओएला पुन्हा ईमेल. नशिबाने समितीतल्या बाईंनी त्याच रात्री "चालेल" म्हणून उत्तर दिलं. तेव्हा अर्जात जागा लिहिताना "अंदाजे, मार्क-आउटनंतर (म्हणजे या आखणीनंतर) थोडी बदलू शकते" एवढं वाक्य घालाच.

शनिवारी, १२ ऑक्टोबरला, दसरा. सकाळी लॅपटॉप आणि गाडीच्या किल्ल्यांसोबत फावड्यालाही हळद-कुंकू लावलं आणि दहाला खणायला लागलो. खड्डा कुंडीच्या तिप्पट रुंद, पण खोल मात्र गड्ड्याएवढाच. कुंडीतून काढल्यावर मुळ्या गोल गोल गुंडाळलेल्या दिसल्या. त्या कापून मोकळ्या केल्या नाहीत तर पुढे त्याच झाडाचा गळा आवळतात. माझा हात चालेना. यूट्यूबवर एक माणूस करवत चालवत होता, मी भाजीच्या सुरीने चार उभे काप दिले. वरची तीन इंच माती खरवडली तेव्हा कुठे खोड खाली पसरट होतं ती जागा सापडली. ती जमिनीच्या वर दिसली पाहिजे. इथे जागोजागी खोडाभोवती मल्चचा (लाकडाच्या चुऱ्याचा) ज्वालामुखी रचलेला दिसतो, तसं अजिबात करू नका. खोडाला चिकटलेल्या मल्चने साल कुजते. दोन-तीन इंचांचा थर द्यायचा आणि खोडाजवळ तळहाताएवढी जागा मोकळी सोडायची.

सगळ्यांनी सांगितलं होतं, फॉलमध्ये लावलेलं झाड सोपं, पाऊस पडतोच. २०२४ चा ऑक्टोबर हा न्यू जर्सीच्या नोंदींतला सर्वांत कोरडा महिना निघाला, राज्यभराची सरासरी ०.०२ इंच. इंचाचा पन्नासावा भाग! जंगलांना आगी लागल्या, सकाळी दार उघडलं की धुराचा वास यायचा आणि १३ नोव्हेंबरला राज्याने दुष्काळाचा इशारा दिला. पाणी जपून वापरा असं आवाहन होतं, सक्ती नव्हती, तरी होज सोडायची लाज वाटायची. मग वाईची सवय कामाला आली. तांदळाचं पाणी, भाज्या धुतल्याचं पाणी, शॉवर गरम होईपर्यंत वाहून जाणारं पाणी, सगळं बादलीत. पाच गॅलनच्या बादलीला बुडाशी बारीक भोक पाडून ती बुंध्यापाशी ठेवायची, अर्ध्या तासात पाणी जिरतं. आठवड्याला अशा तीन. पुढे २५ डॉलरची खोडाभोवती बांधायची पाण्याची पिशवी आणली, पण बादलीच बरी. पिशवीखाली मुंग्यांनी घर केलं. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात एकदाचा धो धो पाऊस आला, तेव्हा मी दारात उभी राहून तो बघितला.

हिवाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ससे बुंध्याची साल खातात आणि हरणं शिंगं घासून कोवळं खोड सोलतात. ४५ डॉलरची जाळी लावली, विषय संपला. जाळी सप्टेंबरातच लावा, नर हरणं तेव्हापासून घासायला लागतात.

एप्रिल २०२५ मध्ये बर्निंग बुश खणून काढली. एका झुडपाला आख्खा रविवार आणि नवऱ्याची पाठ लागली. तिच्या जागी ब्ल्यूबेरीची तीन झुडपं, प्रत्येकी ३२ डॉलर, दोन वेगळ्या जातींची, म्हणजे फळ चांगलं धरतं. मेपलला कोवळी पानं आली, तीही तांबूस. सगळं छान चाललं होतं.

जुलैत तीन आठवडे भारतात गेलो. पाणी घालायची जबाबदारी ज्याच्यावर टाकली होती त्याचं नाव घेत नाही, घरातलाच आहे. ऑगस्टच्या मध्याला मी डेकवर चहा घेत होते, तर मेपलची वरची एक फांदी लाल! धावत फोन आणला, फोटो काढला, आईला पाठवला, सगळ्या ग्रुपवर टाकला. शेजारचे निवृत्त आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. म्हणाले, एवढ्या लवकर लाल होणं चांगलं लक्षण नाही, झाड तहानलेलं आहे. अंगठ्याच्या नखाने त्या फांदीची साल जरा खरवडून दाखवली. खाली हिरवं होतं म्हणून जीव भांड्यात पडला. तपकिरी असतं तर फांदी मेलेली. लाल रंग पानात आधीपासून नसतो, पिवळा असतो. हिरवा ओसरला की पिवळा दिसू लागतो. लाल मात्र झाड साखरेपासून नव्याने बनवतं, आणि अडचणीत असलं की वेळेआधीच बनवतं. मी तहानेचे फोटो काढून हार्टचे इमोजी पाठवत होते. त्या दिवसापासून फॉलपर्यंत बादल्या पुन्हा सुरू.

सप्टेंबरात त्या फांदीची पानं गळली, बाकी झाड हिरवंगार. ऑक्टोबरच्या मध्यावर ब्ल्यूबेरी लाल झाली, बर्निंग बुशइतकी झगझगीत नाही, पण संध्याकाळच्या उन्हात काचेसारखी. घरच्यांनी बघून "ठीक आहे" म्हटलं, म्हणजे तहाची अट पुरी झाली असं मी धरते. दसरा गेला, दिवाळी गेली, आकाशकंदील उतरवला, मेपल हिरवाच. गल्लीतले सगळे मेपल रंगून झडूनही गेले. मी नर्सरीला फोन करून विचारलं, तुम्ही चुकीचं झाड तर दिलं नाही ना. तिकडून शांतपणे उत्तर आलं, "मॅडम, ऑक्टोबर ग्लोरी नोव्हेंबरातच रंगतो." ही जात उशिराचीच आहे. तुम्हाला लवकर रंग हवा असेल तर दुसरी बघा.

स्वच्छ ऊन आणि गोठणार नाहीत अशा गार रात्री, चार-पाच दिवस तसेच गेले. ६ नोव्हेंबरला सकाळी पडदा सरकवला तर आठ फुटांचं झाड वरपासून खालपर्यंत लाल. देठ अजून हिरवट, पानाच्या शिरा पिवळ्या आणि मधली जागा डाळिंबाच्या सालीसारखी. आईला व्हिडिओ कॉल केला. तिने आधी किती खर्च आला ते विचारलं. तोडण्यापासून ब्ल्यूबेरीपर्यंत तेहतीसशे डॉलरच्या वर गेले होते, मी फक्त झाडाचे २१० सांगितले. मग ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बदामासारखंच की गं."

काल एचओएचं सगळ्यांना ईमेल आलं: टाउनशिपची गाडी पुढच्या आठवड्यात येणार आहे, पानं गोळा करून कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवावीत. ॲश होता तेव्हा आमच्या वीस-बावीस पिशव्या व्हायच्या. यंदा मी एक पिशवी आणि खराटा घेऊन गेले. सगळ्या पानांनी तिचा तळ जेमतेम झाकला. पिशवी परत घरात आणून ठेवली आहे, पुढच्या वर्षी चालेल.